लॉगिनला न दिसणारे बूट

पोर्टलमधली ती पळवाट कंपनीने ज्या घाईने बुजवली, ती घाई मला अजून पचलेली नाही.

मी राहायला काळेवाडीत, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, स्टोअरला. हातमोजे, गॉगल, बूट, कटिंग टूलचे इन्सर्ट, सगळं पूर्वी चिठ्ठीवर द्यायचो. मग ऑनलाइन पोर्टल आलं. ज्याच्या त्याच्या लॉगिनला त्याच्या कामाचाच माल दिसणार, हे मला मनापासून पटलं होतं. कार्बाइडचे इन्सर्ट महाग. टूलरूमबाहेरच्या माणसाला ते दिसायची गरजच काय? चिठ्ठीच्या काळात कोणता माल कुठे गेला, याचा हिशेब लागत नसे.

पण लॉगिनचे रोल पाडताना माणूस कोणत्या मशीनवर उभा आहे, हे कोणी बघितलंच नाही. रोल पडले ते पर्मनंट, स्टाफ आणि कंत्राटी असे. कंत्राटी पोरांच्या लॉगिनमधून 'सेफ्टी शूज' हा गटच गायब. त्यांना साधे बूट. आयएस १५२९८ या मानकाच्या दुसऱ्या भागातला सेफ्टी बूट बोटांवर २०० जूलचा आघात झेलतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी. चौथ्या भागातल्या साध्या बुटाला पुढे टोपीच नसते. आणि आमच्या प्रेस शॉपमध्ये डाय हलवणारी बहुतेक पोरं कंत्राटीच.

मी मेल केला, साहेबांना भेटलो. बूट ठेकेदाराने द्यायचे, असं उत्तर मिळालं. ठेकेदार म्हणाला, दरात बूट धरलेलेच नाहीत. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच धरला होता, हे मी दोघांनाही सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं, एवढंच.

अशात एका पर्मनंट कामगाराने शेजारच्या मशीनवरच्या पोराला बुटाच्या पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पान उघडलं! साइज निवडली, बूट कार्टमध्ये गेला, ऑर्डरही पडली. गट फक्त मेनूतून लपवला होता. सर्चमध्ये नाव टाकलं तरी बूट समोर येत होता. बघता बघता प्रेस शॉपमधून ऑर्डरी यायला लागल्या आणि मी माल काढून देत गेलो.

आयटीवाले त्याच आठवड्यात हजर. सर्च, थेट लिंक, कार्ट, शेवटी ऑर्डर स्वीकारायची पायरी, प्रत्येक ठिकाणी रोल तपासायची सोय झाली. काम चोख केलं, आणि तपासणी अशीच हवी. नुसता मेनू लपवणं म्हणजे दाराला कुलूप न लावता पडदा सोडणं. पण तेच आयटीवाले समोर बसलेले असताना एका रोलला एक गट जोडून द्यायचा होता. ते काही क्षणांचं काम. त्यासाठी म्हणे मंजुरी लागते. बंद करायला ती कोणी मागितली नव्हती.

असं पोर्टल बसवणाऱ्यांनी रोल कामावरून पाडावेत, पगार कोण देतो यावरून नाही. आणि गट लपवण्याआधी स्टोअरच्या माणसाला एकदा विचारावं.

सध्या प्रेस शॉपचा सुपरवायझर स्वतःच्या लॉगिनवरून पोरांसाठी बूट मागवतो. एकाच नावावर सात, आठ, नऊ नंबरचे जोड. एकाचं लॉगिन दुसऱ्यासाठी वापरू नका, असं मीच सगळ्यांना बजावत असे. हल्ली त्याची ऑर्डर आली की मी ती सगळ्यांत आधी काढतो.