सहज

२०२४ च्या जुलैतला एक दिवस. कोल्हापुरात रात्रभर पाऊस कोसळत होता, पंचगंगा इशारा पातळीच्या वर गेली होती आणि शाळा-कॉलेजांना सुट्टी मिळाली होती. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक, कॉलेजे मात्र वेगवेगळी. त्या वर्षी आमच्यातली एक असाधारण रजेवर होती. आईंच्या मांडीचे हाड मोडलेले आणि मुलगी चौथीत. रजा कोणी घ्यायची याविषयी आमच्यात चर्चा झालीच नव्हती. ‘स्त्रीवादी साहित्य’ आम्ही दोघेही शिकवतो, हे येथे नोंदवलेले बरे.

सुट्टी अचानक मिळाल्याने बहिणाबाई चौधरींवरचा रखडलेला लेख त्या दिवशी पुरा करावा, असे आमच्यातल्या दुसऱ्याने ठरवले. शिवाय घरातली कामेही आज आपणच पाहू, असे त्याने उदारपणे जाहीर केले. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसतील याविषयी त्याला शंका नव्हती.

पावसाळ्यात घराचा सारा कारभार ओल्या कपड्यांभोवती फिरतो. आईंच्या अंथरुणातल्या चादरी दिवसाला दोनदा बदलाव्या लागत. हॉलभर दोऱ्या बांधलेल्या, पंख्याखालची जागा चादरींची, खिडकीजवळची गणवेशाची. वीज गेली की पंखा थांबे, आणि आली की आधी इस्त्री तापवून मोजे वाळवावे लागत. मिठाला पाणी सुटलेले, पोहे सादळलेले. दर दोन तासांनी आईंची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. मुलीला घरी असले की दर तासाला भूक लागते, आणि बाहेर जाता येत नसले की दर अर्ध्या तासाला.

लेखाचे पहिले वाक्य अकरा वाजता लिहून झाले : ‘घरातली व शेतातली कामे करता करता बहिणाबाईंना कविता सहज स्फुरली.’ दुपारी चार वाजता कागदावर तेवढेच वाक्य होते. अकरा ते एक या दोन तासांत चौदा वेळा उठावे लागले. ही मोजदाद अर्थात त्यानेच केली. जिला रोज उठावे लागत होते तिने ती कधी केली नव्हती.

त्या वाक्यातल्या ‘सहज’ या शब्दाशी आमची जुनी ओळख आहे. पंधरा-सोळा वर्षे तो आम्ही वर्गात सांगत आलो, वह्यांत उतरवून देत आलो. श्रम आणि गाणे यांचे नाते, जात्याची लय, ओवीचा छंद हे सारे त्या शब्दापाशी येऊन कसे छान मिटते! त्या दिवशी मात्र तो शब्द आम्हांला टोचू लागला. चौदा वेळा उठणाऱ्याला वाक्य सुचत नाही, मग कविता कुठून सुचावी?

संध्याकाळी आईंना चहा देताना आम्ही हे बोलून दाखवले. आईंचे बालपण पन्हाळ्याच्या बाजूच्या खेड्यातले. त्यांच्या आईच्या ओव्या त्यांनी ऐकलेल्या. त्या म्हणाल्या, “जात्यावर बसलेल्या बाईला कोण उठवत न्हाई. दळाण झाल्याबिगर भाकरी न्हाई, म्हणून. तेवढाच येळ तिचा. दिसभरात मग कुठली ओवी आन् कुठलं काय!” एवढे बोलून त्यांनी चहात साखर कमी असल्याचे सांगितले.

हेमा रैरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. एवढ्या ओव्या पाहून आपण श्रमाला सर्जनशील म्हणतो. पण जाते हे काम तर होतेच, शिवाय ज्यातून बाईला कोणी हाक मारून उठवू शकत नसे असे ते बहुधा एकमेव काम होते. गाणे श्रमातून आले असेल. पण ते आले पहाटेच्या त्या राखीव तासात. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी व घरातल्या इतरांनी गाणी टिपून ठेवली, म्हणूनच १९५१ साली त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघू शकले. ज्या घरांत टिपून घेणारे कोणी नव्हते, तिथल्या बायकांना काहीच सुचले नव्हते असे कसे म्हणावे?

आमच्या घरातही एक प्रबंध चौथ्या प्रकरणापाशी दोन वर्षे थांबलेला होता. तो कोणाचा, हे सांगायला नकोच. त्याविषयी कोणी विचारले की ‘सध्या घरीच असते, होईल सावकाश,’ असे उत्तर आमच्यातला दुसरा देत असे. तेही सहजच.

दुसऱ्या सत्राची रजा त्याने घेतली. त्या सत्रात त्याच्याकडून एकही लेख लिहून झाला नाही. प्रबंधाचे चौथे प्रकरण मात्र पुरे झाले. आई आता काठी घेऊन चालतात.

वर्गात आम्ही तो शब्द आता वापरत नाही. उत्तरपत्रिकांत तो येतोच. जुन्या नोट्सच्या झेरॉक्स अजून फिरताहेत, आणि त्या आमच्याच आहेत.