पान, फूल आणि मिलिग्रॅम

हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर 2024 मध्ये भांगेच्या झाडाच्या नियंत्रित लागवडीचा ठराव केला आणि जुना वाद पुन्हा पेटला. एकीकडून आयुर्वेदाचे दाखले, दुसरीकडून व्यसनांची भीती. औषध म्हटले की पहिला प्रश्न मात्रेचा; तो मात्र क्वचितच कानी पडतो.

1985 चा एनडीपीएस कायदा झाडाचे अवयव पाहतो. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याविना असलेली पाने या व्याख्येबाहेर. म्हणूनच वाराणसीत भांगेची परवानाधारक दुकाने राजरोस चालतात. वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांसाठीची वाटही याच कायद्याने मोकळी ठेवली आहे, हे बंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही सोयीस्कर विसरतात.

रसायनशास्त्राला मात्र पान आणि फूल हा भेद पुरत नाही. नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी यांचे रेणुसूत्र एकच: 21 कार्बन, 30 हायड्रोजन, 2 ऑक्सिजन. सीबीडीत जे कडे उघडे राहते, ते टीएचसीत बंद होते. फरक एवढाच, पण मेंदूवरील परिणाम सर्वस्वी भिन्न. गांजा किती किलो सापडला यावर शिक्षा ठरू शकते, उपचार नव्हे.

द्रावे सिंड्रोम या बालवयातील दुर्धर अपस्मारावर सीबीडीची चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 120 मुले व तरुण होते. औषध मिळालेल्या गटात महिन्याचे झटके मध्यमानाने 12.4 वरून 5.9 वर आले. औषधविरहित द्रावण घेणाऱ्यांत 14.9 वरून जेमतेम 14.1 वर. पुढील वर्षी अमेरिकेने या शुद्ध औषधाला मान्यता दिली. चाचणीतील मात्रा दर किलो वजनामागे रोज 20 मिलिग्रॅम होती. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 400 मिलिग्रॅम. बाटलीवर केवळ ‘शुद्ध अर्क’ छापलेल्या तेलाचे किती थेंब म्हणजे 400 मिलिग्रॅम, हे कोणत्याही आईला सांगता येणार नाही.

त्याच चाचणीत गुंगी आणि जुलाब वाढले. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या काही रुग्णांच्या यकृतातील एन्झाइमांची पातळीही चढली. व्हॅल्प्रोएट हे आपल्याकडे अपस्मारावर नित्य दिले जाणारे औषध आहे. तेव्हा लोकलाजेस्तव असे तेल डॉक्टरांपासून लपवणाऱ्या पालकांनी निदान ही बाटली तपासणीला जाताना सोबत न्यावी, आणि डॉक्टरांनी ती पाहून रागावू नये.