दादर, पेटी आणि दोन मेळावे

दादरला दोन प्रकारची माणसं येतात. एक, गाडी बदलायला येणारी. आणि दुसरी, 'जरा दादरला जाऊन येते गं' असं म्हणून घराबाहेर पडणारी. माझी आई दुसऱ्या प्रकारातली. आम्ही दादरची खोली सोडून डोंबिवलीला आलो तेव्हा मी दोन वर्षांची होते. डोंबिवलीत आता काय मिळत नाही सांगा? मॉल आहेत, ब्रँडेड साड्या आहेत, घरपोच मोदक आहेत. पण गणपतीची खरेदी म्हटली की आईला दादरच लागतं. 'तिथे हात लावून बघता येतं,' हे तिचं एकमेव कारण. (हात लावून ती सरासरी चाळीस वस्तू बघते आणि चार घेते, ही गोष्ट वेगळी.)

ही गोष्ट २०२५च्या ऑगस्टमधली, गणपतीच्या आधीच्या शनिवारची. यादीत नेहमीचं सगळं होतंच. मखराचं सामान, कंठी, विजेची माळ, गौरीची साडी. पण शेवटी आईने वेगळ्या पेनाने लिहिलं होतं, 'पेटी'. म्हणजे कपड्यांची नव्हे, सुरांची. आजोबांची हार्मोनियम. ती दादरला काकांकडे असते. आणि काकांकडे बाबा जात नाहीत.

का जात नाहीत, ते सांगायला थोडं राजकारण करावं लागेल. १९६६पासून दसऱ्याला शिवाजी पार्कवर शिवसेनेचा मेळावा होतो आणि आमच्या घरी तो श्रीखंडाइतकाच ठरलेला. आजोबा जायचे, मग दोन्ही मुलांना न्यायचे. २०२२मध्ये पक्ष फुटला आणि त्या दसऱ्याला मुंबईत दोन मेळावे झाले. एक शिवाजी पार्कला, एक बीकेसीला. काका चालत शिवाजी पार्कला गेले. बाबांनी डोंबिवलीत टीव्हीवर बीकेसीचा लावला. रात्री दोघांचा फोन झाला. सुरुवात 'भाषण ऐकलंस का?' अशी झाली आणि शेवट 'तुला काय, तुला दादरची खोली मिळाली' असा.

बघा, धनुष्यबाणावरून निघालेली गाडी किती पटकन खोलीवर येऊन थांबली! मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं की आपल्या घरांमध्ये राजकारणावरून होणारी भांडणं बऱ्याचदा राजकारणाची नसतातच. पंचवीस वर्षं मनात धरलेलं काहीतरी बाहेर यायला एक निमित्त लागतं. चाळीतली पागडीची एकच खोली, दोन भाऊ, दोघांची लग्नं. कोणीतरी जायला हवं होतं, बाबा गेले. कोणी 'जा' म्हटलं नव्हतं. कोणी 'राहा'ही म्हटलं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं गणपतीत बाबा पाच मिनिटं यायचे, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचे आणि लोकल पकडायचे.

तर शनिवारी सकाळी आम्ही मायलेकी स्टेशनच्या पश्चिमेला उतरलो. फुलगल्लीत त्याआधी पाच तास दिवस सुरू झालेला असतो. झेंडूचे ढीग, ओली पोती, डोक्यावर टोपली घेऊन 'बाजू, बाजू' ओरडणारी माणसं. पावसाची भुरभुर होतीच. छत्र्या एकमेकींत अडकत होत्या आणि प्रत्येक बाई आपल्याच छत्रीवाल्याला दोष देत होती. कबुतरखाना ताडपत्रीने झाकलेला होता, त्याच महिन्यात त्यावरून झालेला गदारोळ तुम्हाला आठवत असेलच. 'आता पत्ता सांगायचा कसा?' हा आईचा त्यावरचा एकमेव आक्षेप.

रानडे रोडवर आईचा कायापालट होतो. डोंबिवलीत ती शांत गृहिणी असते, इथे ती वाटाघाटी करणारी परराष्ट्रमंत्री. विजेच्या माळेचे साडेतीनशे सांगितले, ती दोनशेवर अडली. दुकानदार म्हणाला, 'ताई, ऑनलाइन बघा, चारशेला आहे.' आई म्हणाली, 'ऑनलाइनवाला मला ताई म्हणतो का?' दोनशे चाळीसला सौदा झाला. मला, माझ्या मोबाइलमधल्या तीन शॉपिंग अॅप्ससकट, आईचा अभिमान वाटला. थर्माकोलवर २०१८मध्ये बंदी आल्यापासून मखरांची दुनियाही बदलली आहे. पुठ्ठा, कापड, घडीचे लाकडी पट्टे. आजोबांच्या काळी घरीच कागद कातरून मखर व्हायचं, आता तसंच दिसणारं 'इको-फ्रेंडली' म्हणून विकत मिळतं.

दुपारी काकांकडून पेटी घेतली. काका दारातच तयार उभे होते. 'मी येतो दुकानापर्यंत, जड आहे,' म्हणाले. बाबांचं नाव कोणी काढलं नाही. काकूने मात्र आईच्या पिशवीत हळूच खोबऱ्याच्या वड्यांचा डबा सरकवला. साखर कमी असलेल्या. आमच्या घरी साखर कोणाला वर्ज्य आहे ते काकूला बरोबर माहीत.

वाटेत शिवसेना भवनासमोरून गेलो. समोर कोहिनूर स्क्वेअरचे ते काचेचे टॉवर. तुमच्या-माझ्या पिढीला ते कॉर्पोरेट पत्ता म्हणून माहीत. पण तिथे कोहिनूर मिल होती आणि माझे आजोबा तिथे साच्यावर कामाला होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अनेकांसाठी तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. मिलची ही जमीन २००५मध्ये ४२१ कोटींना विकली गेली. कोणी घेतली, हा आमच्या घरात पुन्हा वादाचा विषय, त्यामुळे तो इथेच सोडते. मला आठवतं ते आजीचं एक वाक्य. संपात तिच्या पाटल्या गेल्या, पितळी भांडी गेली, पेटी मात्र आजोबांनी विकू दिली नाही. भजनी मंडळ तिच्यावर चालायचं. 'पगार नव्हता, पण गुरुवार चुकला नाही,' असं ती सांगायची. तक्रार होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तसं पेटीचं आणि राजकारणाचं जुनं वाकडं आहे. युरोपातून आलेलं हे वाद्य, भारतीय संगीताच्या श्रुती त्यात बसत नाहीत, असं म्हणत १९४०मध्ये आकाशवाणीने तिला चक्क बंदी घातली होती. पुढची तीस वर्षं तरी ती बंदी टिकली. पण देवळात, तमाशात, नाटकात, गिरणगावातल्या भजनात पेटी वाजतच राहिली. परकी म्हणून हाकललेली आणि घरचीच होऊन बसलेली! दादरकरांना हे तत्त्वज्ञान समजावून सांगावं लागत नाही.

वाद्यांच्या दुकानातल्या कारागिराने पेटी उघडली. भाता दाबला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. काळी चारवर आवाजच नाही. 'सूर गेलाय. भात्याचं चामडंही फाटलंय. खर्च बराच होईल, मॅडम. त्यापेक्षा नवी घ्या, हिचे थोडे पैसे देतो.'

आता निर्णय कोणी घ्यायचा? आईने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे, काकांनी रस्त्याकडे. शेवटी मी बाबांना फोन लावला. दुकानात गोंगाट होता म्हणून स्पीकरवर टाकला. अगदी खरं सांगते, त्यात माझा काही डाव नव्हता.

'विकायची नाही,' बाबा म्हणाले.

'त्याला सांग, विकतंय कोण!' काका माझ्याकडे बघत पण फोनला ऐकू जाईल अशा आवाजात.

मग थोडा वेळ फक्त रानडे रोडचा आवाज. मग बाबांनी विचारलं, 'कुठली पट्टी बंद आहे? काळी चार?'

'हो. तुम्हाला कसं माहीत?'

'ती माझ्या हातून पडलीय. संपाच्या वर्षी. माळ्यावरून काढताना.' बाबा थांबले. 'मार बाळ्याने खाल्ला.'

काकांनी पुढे होऊन माझ्या हातातून मोबाइल घेतला. स्पीकर बंद करायचा त्यांना जमेना, त्यामुळे आम्हीच काय, कारागिरानेही सगळं ऐकलं. 'दादा, मला तेव्हाच माहीत होतं. तू दाराआड उभा होतास.' बाबा काहीतरी पुटपुटले. मग काका म्हणाले, 'चामड्याचा खर्च मी देतो, सुराचा तू दे.' एवढंच. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर माझ्या बाबा-काकांमध्ये झालेलं हे पहिलं संभाषण, आणि त्याचा विषय होता बिलाची वाटणी.

जुलै २०२५मध्ये वरळीला उद्धव आणि राज ठाकरे जवळजवळ वीस वर्षांनी एका राजकीय व्यासपीठावर आले, तेव्हा केवढी बातमी झाली होती. आमच्याकडे कॅमेरे नव्हते. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, 'चला, पीयूष पिऊ.' काका 'प्रकाश'मध्ये आमच्यासोबत आले आणि साबुदाणा वड्याचं बिल कोणालाही देऊ दिलं नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. खोलीचा विषय अजून तिथेच आहे. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी निघतात, तेव्हा बाबांचा चेहरा अजूनही उतरतो. मेळावा कुठला खरा, यावरही एकमत झालेलं नाही आणि होणारही नाही. पण त्या गणपतीत बाबा पाच मिनिटांसाठी आले नाहीत, मुक्कामाला आले. काका पेटीवर, बाबा टाळ घेऊन. दुसऱ्याच आरतीला बाबा ओरडले, 'बाळ्या, किती पळवतोस!' काकांनी लय जराही कमी केली नाही. काळी चार मात्र स्वच्छ वाजत होती.

दादरला जाताय?
पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म डिसेंबर २०२३पासून एकाच क्रमाने मोजतात, त्यामुळे जुन्या सवयीने धावू नका. मे २०२५पासून भुयारी मेट्रोही दादरला थांबते. फुलांसाठी पहाटे, खरेदीसाठी सकाळी अकराच्या आत, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला संध्याकाळी जा. सोबत मोठी कापडी पिशवी ठेवा. आणि जमलं तर घरातलं एखादं न बोलणारं माणूसही घेऊन जा.