डोळा मारत नाही हो मी!

बाईचा डावा डोळा लवला की शुभ, पुरुषाचा उजवा लवला की शुभ, हे माझ्या बहुतेक रुग्णांच्या घरी कुणीतरी वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे हेमिफेशियल स्पॅझम या आजाराचे पहिले काही महिने अनेकदा आशेत जातात. एका बाईंच्या मुलीचं लग्न जमत होतं, तेव्हा त्यांचा डावा डोळा लवायला लागला. घरात आनंदीआनंद. लग्न झालं, नात झाली, नात बालवाडीत जायला लागली, तरी डोळा लवतोच आहे. आता तर डोळ्याबरोबर गालही उडतो आणि ओठाचा कोपरा वर ओढला जातो. माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, अजून किती शुभ व्हायचं राहिलंय?"

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. सकाळ ठाण्यात जाते, संध्याकाळ डोंबिवलीत. पक्षाघात, फिट्स, पार्किन्सन, अर्धशिशी यांच्या गर्दीत हा आजार अधूनमधूनच भेटतो. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांवरून लाखात साधारण १० जणांना तो असतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होणारा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. तोच हिशेब इथे लावला तर त्या वस्तीत तीनेकशे माणसं निघावीत. त्यातली योग्य दारापर्यंत पोहोचतात ती फार थोडी, आणि पोहोचतात तीही वर्षानुवर्षं भलतीकडे फिरून.

सुरुवात बहुधा खालच्या पापणीपासून होते. बारीक फडफड, ती येते आणि जाते. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी ती गालावर उतरते, मग ओठाच्या कोपऱ्यावर, हनुवटीवर, कधी गळ्याच्या कातडीखालच्या पातळ स्नायूपर्यंत. जोराची उबळ आली की चेहऱ्याची ती बाजू आवळली जाते आणि डोळा काही क्षण मिटूनच राहतो. काहींना त्याच बाजूच्या कानात टिक टिक ऐकू येतं. तो भ्रम नव्हे. कानातल्या एका चिमुकल्या स्नायूलाही चेहऱ्याचीच नस हलवते, तोही त्या उबळीत सामील होतो. दुखत मात्र काहीच नाही, आणि रुग्णाचं नुकसान इथेच होतं. जे दुखत नाही आणि ज्याने माणूस मरत नाही त्याला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत, 'सवय' म्हणतात.

ही 'सवय' घेऊन लोकलने प्रवास करून बघा. एक मध्यमवयीन गृहस्थ, नोकरी फोर्टात. फलाटावर समोर उभ्या असलेल्या एका बाईंना वाटलं, हा माणूस आपल्याला डोळा मारतोय. प्रकरण रेल्वे पोलिसांपर्यंत गेलं. "डोळा मारत नाही हो मी, आपोआप मिटतो," हे वाक्य त्यांना हवालदाराला, मग साहेबांना, मग घरी बायकोला सांगावं लागलं. तेव्हापासून ते गॉगल लावून लोकल पकडतात, पावसाळ्यातही. ज्यांचा डावा गाल उडतो ते डावा गाल खिडकीकडे येईल अशी जागा धरतात. नाही मिळाली तर दाराशी उभे राहतात. घरचे फोटो दाखवायला सांगितले तर वर्षामागून वर्षं एकाच बाजूने काढलेले दिसतात. आणि लोक बघतायत असं वाटलं की उबळ वाढते, म्हणजे जिथे नको तिथेच ती हमखास गाठते.

मग दवाखान्यांची वारी. डोळा आहे म्हणून आधी डोळ्यांचे डॉक्टर: थेंब, नवा चष्मा. कानात टिक टिक म्हणून कान-नाक-घसा. कुणी लकव्याची सुरुवात समजून गालाला विजेचे शेक देतो, ज्यांचा इथे काही उपयोग नाही. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत: टेन्शन घेऊ नका. हा सल्ला मला विशेष चीड आणतो. ताणाने हा आजार वाढतो, पण ताणाने तो होत नाही. ज्या बाईला चार माणसांत हसता येत नाही, तिला टेन्शन घेऊ नको म्हणणं म्हणजे तिच्या आजाराचा दोष तिच्याच माथी मारणं.

वास्तविक निदानाला यंत्र लागत नाही. कुणीतरी समोर बसून थोडा वेळ त्या चेहऱ्याकडे नीट बघावं लागतं. मी बोलतं करतो आणि लिहिणं थांबवून बघत राहतो. मग डोळे घट्ट मिटायला सांगतो आणि एकदम उघडायला सांगतो. गाल फुगवा, ओठांचा चंबू करा. यातल्या एखाद्या हालचालीपाठोपाठ उबळ येतेच. ती आली की माझी नजर भुवईवर असते. तुम्ही आरशासमोर एक डोळा जोरात मिटून बघा: त्या बाजूची भुवई खाली येते. या आजारात डोळा मिटतो आणि त्याच वेळी त्याच बाजूची भुवई वर चढते. ठरवून हे करणं जवळपास अशक्य आहे. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोझेफ बाबिन्स्की याने १९०५ साली हे नोंदवून ठेवलं. तळपायाच्या तपासणीतली त्याची खूण प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असते, भुवईची फारशी कुणाला ठाऊक नसते. ही खूण दिसली की 'हे मनाचे खेळ आहेत' हा आरोप तिथल्या तिथे निकालात निघतो.

दुसरी कसोटी झोपेची. चेहऱ्याच्या बहुतेक अनैच्छिक हालचाली झोपेत थांबतात, ही बऱ्याचदा थांबत नाही. म्हणून नवऱ्याला, मुलीला, सुनेला मी सांगतो, रात्री ताई झोपल्यावर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा. एका सुनेने आणलेल्या व्हिडिओत घोरण्याचा आवाज होता आणि त्याच्या पार्श्वसंगीतावर डावा गाल उडत होता. सासूबाईंना घोरण्याचा पुरावा मुळीच आवडला नाही, पण निदान पक्कं झालं.

हे वाचून तुम्ही स्वतःची पापणी चाचपून बघत असाल तर थांबा. अपुरी झोप, चहा-कॉफीचा मारा, मोबाइल; यांनी कुणाचीही पापणी काही दिवस फडफडते आणि आपोआप शांत होते. तिला औषध लागत नाही. दोन्ही डोळे एकदम आवळून मिटत असतील आणि उजेडात ते वाढत असेल, तर तो वेगळा आजार, ब्लेफरोस्पॅझम. पूर्वी तोंड वाकडं होऊन बरं झालेलं असेल आणि आता खाताना किंवा हसताना त्या बाजूचा डोळा मिटत असेल, तर नस दुरुस्त होताना तिचे धागे चुकीच्या स्नायूंना जोडले गेलेत. आणि गालात वीज चमकल्यासारखी असह्य कळ येत असेल, तर ते ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, अभिनेता सलमान खानने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं दुखणं. "त्याला झालं होतं तेच का?" असं मला हमखास विचारलं जातं. तेच नाही, पण भाऊबंद आहे. तिथे पाचवी नस, इथे सातवी. कारण बहुतेक वेळा तेच.

सातवी नस मेंदूच्या देठातून बाहेर पडते त्या जागी तिच्यावरचं आवरण नाजूक असतं. तिथे एखाद्या धमनीचा वळसा टेकतो आणि प्रत्येक ठोक्याला नसेवर आदळत राहतो. वर्षानुवर्षांच्या त्या माराने आवरण झिजतं. मग लँडलाइनच्या जमान्यात क्रॉस कनेक्शन लागायचं तसं होतं: डोळ्याच्या धाग्यातला संदेश शेजारच्या गालाच्या धाग्यात शिरतो, म्हणून पापणी मिटताच ओठ उडतो. नसेच्या मुळाशी असलेलं मेंदूतलं केंद्रही त्यामुळे चिडखोर होत असावं, असं मानणारा एक पक्ष आहे आणि मला त्यात तथ्य वाटतं.

धमनीवर पहिला संशय १८७५ साली आला. शुल्त्झे नावाच्या जर्मन डॉक्टराला एका रुग्णाच्या शवविच्छेदनात फुगलेली धमनी या नसेवर दाबलेली दिसली. पण त्यावरून इलाज निघायला जवळजवळ शतक गेलं. अमेरिकन न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा याने १९६६ मध्ये धमनी आणि नस वेगळी करण्याची शस्त्रक्रिया या आजारासाठी केली. त्या वेळच्या ज्येष्ठांनी त्याला बरीच वर्षं वेड्यात काढलं. रक्तवाहिनी नुसती टेकली म्हणून काय होतंय, असा त्यांचा सवाल होता. सवाल अगदीच चूक नव्हता. ज्यांना काहीही त्रास नाही अशा माणसांतही असा वळसा एमआरआयमध्ये दिसतो.

म्हणूनच आधी एमआरआय काढून मग डॉक्टर शोधण्याची पद्धत मला पसंत नाही. साध्या एमआरआयचा अहवाल 'नॉर्मल' येतो आणि घरचे म्हणतात, बघ, काही नाहीये तुला. त्या जागेचे बारीक कापांचे वेगळे फोटो लागतात, आणि ते मागावे लागतात. एमआरआय करायचाच, पण तिथे गाठ किंवा धमनीचा फुगा नाही ना, हे बघायला आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर त्या तयारीसाठी.

गोळ्यांबद्दल थोडक्यात: कार्बामाझेपिन, क्लोनाझेपाम वगैरे देऊन बघतात. गुंगी नक्की येते, उबळ क्वचित थांबते.

खरा आधार बोट्युलिनम टॉक्सिनचा. "म्हणजे ते नट्या घेतात ते बोटॉक्स?" हो, तेच. पण सुरकुत्यांच्या आधी ते डोळ्यांसाठी आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने ते तिरळेपणासाठी विकसित केलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणाबरोबर पापण्यांच्या आणि सातव्या नसेच्या विकारांसाठी त्याला परवानगी मिळाली. कुपीत तळाशी जेमतेम दिसणारी पांढरी भुकटी असते. ती फ्रिजमध्ये सांभाळायची, सलाइनमध्ये अलगद विरघळवायची, आणि इन्सुलिनच्या सुईइतक्या बारीक सुईने डोळ्याभोवती चार-पाच ठिकाणी थेंब थेंब टोचायची. वरच्या पापणीचा मधला भाग मी सोडतो, कारण तिथे औषध आत उतरलं की पापणीच खाली पडते. गालावर हात आणखी आखडता: तिथे जास्त झालं तर उबळ थांबते, पण हसू वाकडं होतं आणि चहा ओठातून गळतो. उबळ थोडी शिल्लक राहिली तरी चालेल, हसू सरळ राहू दे, हे माझं धोरण. टोचून झालं की रुग्ण घरी जातो. दोन-चार दिवसांत फरक दिसायला लागतो, दोनेक आठवड्यांत पूर्ण, आणि तो साधारण तीन ते चार महिने टिकतो.

मग पुन्हा. ही पुन्हाची गोष्ट खिशाला लागते. कुपी ५० किंवा १०० युनिटची येते, चेहऱ्याला त्यातला थोडाच भाग लागतो, आणि दवाखान्यात बसल्या बसल्या घ्यायचं इंजेक्शन बऱ्याच विमा पॉलिसींत बसत नाही. वरून 'सौंदर्योपचार' हा शिक्का. त्यामुळे लोक मुहूर्त बघून इंजेक्शन घेतात. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आणि लग्नसराईच्या तोंडाशी माझ्याकडे ही माणसं गर्दी करतात. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नटून उभी असते, तिथे डोळा शांत हवा. आदल्या दिवशी येणाऱ्यांना मी परत पाठवतो. औषध चढेपर्यंत भाऊबीजही उरकलेली असते, आणि टोचल्याचा काळानिळा डाग तेवढा फोटोत येतो.

शस्त्रक्रिया हा मुळावरचा इलाज. कानामागे हाडाला इंचभर खिडकी करून, सूक्ष्मदर्शकाखाली, लहान मेंदू हलकेच बाजूला सारत नसेच्या मुळापर्यंत पोहोचायचं. धमनी उचलायची आणि मधे टेफ्लॉनचा मऊ तुकडा ठेवायचा. कसलेल्या हातात दहातल्या साडेआठ-नऊ जणांची उबळ जाते. कुणाची टेबलावरच थांबते, कुणाची महिन्यांनी, म्हणून लगेच 'ऑपरेशन फसलं' म्हणायचं नाही. धोका शेजारच्या आठव्या नसेचा: शंभरात काही जणांचं त्या कानाचं ऐकणं कमी होतं किंवा जातं. म्हणून शस्त्रक्रियेभर कानाकडून येणारे विद्युत्संदेश तपासत राहतात, आणि म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्यानेच करावी, भले त्यासाठी घराजवळचं रुग्णालय सोडून लांब जावं लागलं तरी. चाळिशीची, तब्येतीने धडधाकट, पुढची तीस-चाळीस वर्षं दर चार महिन्यांनी सुई नको असलेली व्यक्ती असेल, तर मी शस्त्रक्रियेचं नाव स्वतःहून काढतो. शास्त्रीय संगीताच्या एका शिक्षिकेला मात्र मी ते सुचवलंही नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, धोका ऐकला आणि म्हणाल्या, "गाल उडू दे, कान हवेत."

काहीच न करणं हाही एक मार्ग असतो आणि तो मी खुशाल सांगतो. हा पक्षाघात नव्हे, यातून पक्षाघात होणार नाही, मेंदूत गाठ नाही, एवढं कळलं की काही माणसं हलकी होऊन उठतात. कल्याणचे एक निवृत्त आजोबा, वय ७८. सगळे पर्याय ऐकून घेतले आणि म्हणाले, "डॉक्टर, या वयात मी कुणाला डोळा मारला तर तक्रार करायला येतंय कोण?" मी त्यांना एकच अट घातली, स्कूटर बंद करा, उबळीत डोळा मिटला की त्या बाजूची रिक्षा दिसत नाही. त्यांनी मान डोलावली. मागच्या आठवड्यात रक्तदाब दाखवायला आले, तेव्हा हातात हेल्मेट होतं.