आगीच्या डोंगरावरच्या वेली



वाइनचे नाव काढले की घरातली वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. घालाव्यातच. मला कुणाला प्यायला शिकवायचे नाही. एका डोंगराची आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीची गोष्ट सांगायची आहे.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे. तिथे एटना हा जागता ज्वालामुखी, ३३०० मीटरहून उंच. २०१८ च्या ऑक्टोबरात काही बागायतदारांबरोबर मी तिथे गेलो. माथ्यावर धूर आणि अंगाखांद्यावर द्राक्षबागा! आपले नाशिक सुमारे ६०० मीटरवर. तिथे उत्तरेच्या उतारावर १००० मीटरपर्यंत वेली आहेत.

मांडव नाही, तारा नाहीत. जुन्या बागेत एकेक वेल चेस्टनटच्या खुंटाला बांधून झुडपासारखी उभी. याला ते ‘अल्बेरेल्लो’ म्हणतात, म्हणजे लहानसे झाड. लाव्ह्याच्या काळ्या दगडांच्या ताली रचलेल्या, त्यांत ट्रॅक्टर जात नाही. सारे काम कुदळीने. वाण नेरेल्लो मास्कालेसे. दिवसाच्या उन्हाने मण्यात गोडी भरते, रात्रीच्या गारठ्याने आंबटपणा टिकतो. माल उशिरा पिकतो, म्हणून तोडणी ऑक्टोबरात. रस सालींसकट आंबवतात, त्यातून रंग येतो. १९६८ पासून या भागाच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. ‘एटना रोस्सो’ म्हणून विकायचे तर निदान ८० टक्के हाच वाण हवा.

ही जमीन फुकट मिळालेली नाही. १९८१ च्या मार्चमध्ये रांदाझ्झो गावाजवळ लाव्हा उतरला आणि बागाच्या बागा गिळून गेला. तो काळा पट्टा अजून दिसतो. अशा खडकावर आधी दगडफूल धरते, मग झुडपांची मुळे भेगांत शिरतात, मग कुठे माती. एका माणसाच्या आयुष्यात हे काम होत नाही. आपली काळी जमीनही अशाच लाव्ह्याच्या खडकापासून झाली. फक्त आपला अग्नी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझला.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा बसवल्या. अमेरिकी खुंटावर कलम केले तेव्हा त्या वाचल्या. आपला डॉगरिज खुंटही अमेरिकेचाच, पण आपण तो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी घेतला. एटनाच्या रेताड राखेत मात्र ही कीड नीट फिरू शकत नाही. म्हणून शंभरी ओलांडलेल्या काही वेली तिथे अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

त्यातल्या एका वेलीच्या पिळदार खोडावर हात ठेवला आणि मला आपल्याकडचे एक आबा आठवले.

नोकरी नवी होती, डोक्यात पदवीची हवा होती. आबांच्या मुरमाड उतारावर वडिलांच्या वेळची सीताफळे होती. “आबा, एकरी उत्पन्न काय यांचे? काढून टाका, डाळिंब लावा,” मी म्हणालो. आबांनी ऐकले. चार वर्षे बरी गेली. मग तेल्या आला, बाग गेली. झाडांच्या मुळांनी धरलेली मातीही दोन पावसाळ्यांत ओढ्याला लागली. मी भेटायला गेलो तर आबांनी आधी चहा मागवला. म्हणाले, “साहेब, तुमचं शिक्षण खोटं नव्हतं. आपली घाई झाली.”

एटनाच्या तालीही मधल्या काळात ओस पडल्या होत्या. मजुरी परवडेना, तरुण शहराकडे गेले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लोक परतले, आणि ज्या वेली कुणी उपटल्या नव्हत्या त्यांच्याच मालाला आता मोल आले.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. ओस पडलेल्या काळात त्या वेलींनी कुणाची चूल पेटवली नाही, हेही खरे. डाळिंबही वाईट नव्हते; माझे मोजमाप तोकडे होते. मी वजन मोजले. माती, ताल, पाणी, भावाची शाश्वती यातले काहीच मोजले नाही.

तेव्हा माझ्यासारखा कुणी साहेब बांधावर येऊन “काढून टाका” म्हणाला, तर त्याला चहा जरूर पाजा. पण कुऱ्हाड उचलण्याआधी विचारा : “साहेब, हे झाड इथे इतकी वर्षे कशाच्या बळावर टिकले?” त्याला उत्तर देता आले नाही, तर एक हंगाम थांबा. आबांना हे सांगायला माझ्याजवळ तेव्हा अक्कल नव्हती. तुम्हाला आज सांगतो.