आधी पाईप, मग वायर

मंडळी, आमच्या सोसायटीत सध्या एकच विषय गाजतोय. इमारतीला रंग काढायचाय, जिन्यात लोंबणाऱ्या वायरी एकदाच्या आवरायच्यात, मग त्याच वेळी इंटरनेटची नवी केबल टाकायची की नाही? तरुण मंडळींचं म्हणणं, टाकायची तर सगळ्यात भारी टाका. आम्ही पेन्शनवाले म्हणतो, आहे ते चालतंय ना! दोन्हीकडे आवाज मोठा आणि माहिती थोडी. माझी शिकवण्याची खोड काही जात नाही. म्हटलं, बघू या तरी काय प्रकरण आहे ते.

तर या केबलच्याही इयत्ता असतात! कॅट ५ई, कॅट ६, कॅट ६ए. दिसायला सगळ्या सारख्याच. आत तांब्याच्या आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. एका जोडीतली कुजबूज दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून हा पीळ. (वर्गात ही सोय असती तर!) ५ई ही १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेते. कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत १०,००० नेते आणि ६ए तेवढंच पूर्ण १०० मीटर नेते. २०१६ साली एक नवं मानक आलं, त्यामुळे दोन्ही टोकांची यंत्रं बदलली तर जुन्या ५ई वरूनही २५०० जाऊ लागलं. म्हणजे पाचवी काही नापास झालेली नाही.

आता आमच्याकडे बहुतेकांचे प्लॅन १०० नाहीतर २०० मेगाबिटचे. हजार वाहणाऱ्या वायरीतून शंभर जातायत. मग आतल्या खोलीत नेट रडतं का? तर बऱ्याचदा दोष वाय-फायचा आणि आपल्या जाड भिंतींचा असतो. केबलला उगीच बोल लागतो. त्यामुळे ६ए साठी प्रत्येक घरात फोडाफोड करायला माझा विरोध आहे. ती केबल जाड असते, नीट वळत नाही, महागही पडते.

पण तळमजल्यापासून प्रत्येक मजल्यापर्यंत मात्र फायबरच हवी, असं माझं मत झालंय. काचेतून प्रकाश वळवून नेण्याच्या या विद्येत आपल्या पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींचं मोठं काम आहे. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश फार लांब जाईल. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून पावसाळ्यात वीज कडाडली तरी त्या वाटेने घरातली यंत्रं जळत नाहीत. आणि उद्या वेग वाढवायचा झाला तर टोकांच्या पेट्या बदलायच्या, काच तीच राहते.

एक गोष्ट मात्र आम्हा म्हाताऱ्यांनी ध्यानात ठेवावी. जुना तांब्याच्या तारेवरचा फोन घरातले दिवे गेले तरी वाजायचा, कारण त्याला वीज एक्सचेंजमधून मिळायची. फायबरची पेटी घरातल्या विजेवर चालते. दिवे गेले की फोनही गेला. एकट्या राहणाऱ्या माणसाला रात्री डॉक्टरांना फोन लावायचा असेल तर? म्हणून त्या पेटीला छोटी बॅटरी हवीच. हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, असा आग्रह मी सभेत धरणार आहे.

खरा प्रश्न आहे पैशांचा. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी रात्रभर घरून काम करते. नेट तुटलं तर तिच्या नोकरीवर बेतेल. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं महिन्याचं औषधच पेन्शन खाऊन टाकतं. दोघांकडून सारखी वर्गणी कशी मागायची? मला सुचतं ते असं. जिन्यातले पाईप आणि मजल्यापर्यंतची फायबर सगळ्यांची, तिचा खर्च सोसायटीच्या निधीतून. उंबऱ्याच्या आतलं ज्याचं त्याने आपल्या गरजेप्रमाणे करावं.

पाईप मात्र ऐसपैस घ्या. विजेच्या वायरींपासून वेगळे ठेवा, काटकोनी वळणं टाळा, आणि एक जादा पाईप आत दोरी ओवून रिकामा सोडा. एकाच कंपनीला जिना आंदण देऊ नका. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियमच केलेत, तेव्हा हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही.

आणि हो, केबल घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. स्वस्त असतं, पण सरळ परत पाठवायचं!

असो. वायरी दर काही वर्षांनी बदलतील, भिंती पुन्हा पुन्हा फोडायला लागू नयेत एवढंच माझं म्हणणं. तुमच्या सोसायटीत काय ठरलं, जरूर कळवा.