पाण्याखाली दम धरायचा नसतो

आमच्या गावात जो जास्त वेळ बुडी मारतो तो मोठा पोहणारा. नदीच्या डोहावर पोरे आकडे मोजत बसतात. सातवीतला एक मुलगा पन्नास आकडे होईपर्यंत वर येत नाही. म्हणून मला वाटायचे की समुद्राच्या तळाशी जाणारी माणसे तर शंभर-दोनशे आकडे दम धरत असतील. पण तसे नाही. ती दम धरतच नाहीत. दम धरायला त्यांना सक्त मनाई असते. हे मला मालवणच्या काकांनी सांगितले आणि नंतर मी स्वतः केले. बाई म्हणाल्या, तेच लिही.

माझी मावशी मालवणला दिली आहे. मालवण गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. तिथे समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधला. १६६४ साली काम सुरू झाले. किल्ल्याच्या जवळपास लोकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. मावशीचे यजमान म्हणजे माझे काका अशाच एका बोटीवर कामाला आहेत. ते तारकर्लीला शिकले. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हे काम शिकवणारी संस्था आहे. काका मला चेडू म्हणतात. चेडू म्हणजे मुलगी. आधी मला राग यायचा, आता येत नाही.

पौष महिन्यात म्हशाच्या जत्रेला काका आमच्याकडे आले. त्यांनी जत्रेत घोंगडी घेतली आणि माझ्यासाठी एक जुना मास्क आणला. पाण्यातल्या मास्कला पुढे जाड काच असते आणि बाजूने मऊ रबर असते. त्यात डोळे आणि नाक दोन्ही झाकतात. मी विचारले, नाक कशाला? नाकाने तर श्वास घ्यायचा नाही. काका म्हणाले, खाली गेले की पाणी चारी बाजूंनी दाबते. मास्क तोंडावर आवळला जातो. मंग नाकाने थोडी हवा आत सोडायची, म्हणजे तो सैल होतो. नाक बाहेर असते तर हवा कुठून सोडणार?

मास्क आपल्या मापाचा आहे का हे बघायची युक्ती आहे. पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हवा आत ओढायची. हात सोडला तरी पडला नाही तर तो आपल्या मापाचा. माझा दोनदा पडला. कारण कपाळावरचे केस रबराखाली आले होते. आईने घट्ट वेणी घातली, मंग नाही पडला. काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची आणि पाण्याने खळबळायची. ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा सगळी पोरे हसली. पण मोठमोठे पाणबुडेसुद्धा असेच करतात.

पहिला धडा आमच्या अंगणात बादलीत झाला. काकांनी तोंडात धरायची वाकडी नळी आणली होती. मास्क न लावता तोंड पाण्यात घालायचे, नाक पाण्यात उघडे आणि श्वास फक्त नळीने. ऐकायला सोपे वाटते. पण नाकाला पाणी लागले की आपोआप नाकानेच श्वास ओढावासा वाटतो. मी पाच वेळा ठसकत वर आले. डोळ्यांतून पाणी आले. सहाव्या वेळी काकांनी पाठीवर हात ठेवून हळूहळू मोजले. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. बाहेर सोडताना घाई नाही. तेव्हा जमले. भीती वाटली की आपण भरभर आणि अर्धा अर्धा श्वास घेतो, मंग आणखी गुदमरल्यासारखे होते. म्हणून बाहेर सोडायचा श्वास मोठा पाहिजे.

आता दम का धरायचा नाही ते सांगते. पाठीवरच्या टाकीत नुसता ऑक्सिजन असतो असे आमच्या आळीत सगळे म्हणतात. ते खरे नाही. तिच्यात आपलीच साधी हवा यंत्राने दाबून दाबून भरलेली असते. टाकीला नळी आणि नळीला तोंडात धरायचे रेग्युलेटर. आपण ओढू तेवढीच हवा ते देते. फ्रान्समधल्या कूस्तो आणि गान्यां या दोघांनी असे यंत्र १९४३ साली तयार केले. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे फुग्यात हवा भरली, तोंड बांधले आणि तो वर आणला तर फुगत फुगत दुप्पट होतो. छाती म्हणजे तसाच फुगा. दम धरून वर आले तर आतले फुप्फुस फाटू शकते. थोड्या पाण्यातसुद्धा तसे होऊ शकते.

मी म्हटले, मग डोहात आम्ही दम धरतो तेव्हा का फाटत नाही? काका खूश झाले. म्हणाले, तुम्ही हवा वरूनच भरून नेता. ती खाली दबते आणि वर आली की होती तेवढीच होते. आम्ही दाबलेली हवा खाली असताना घेतो. एवढाच फरक. हा फरक मला बाईंनाही समजावून सांगता आला.

आजीला हे काहीच आवडत नव्हते. आजीचे लहानपणीचे गाव बारवी धरणात गेले. तिचा ओटा, जाते, देवाचा चौथरा सगळे पाण्याखाली आहे. ते पाणी अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडे जाते. आजी म्हणायची, "पोरी, पानी कोनाचा नसतं." मी काकांना हळूच विचारले होते की टाकी लावून आजीचे घर बघता येईल का. काका म्हणाले, धरणात उतरायला परवानगी नाही. आणि उतरले तरी गाळाने हातभर पुढचेसुद्धा दिसायचे नाही. मला लई वाईट वाटले. पण ते खोटे बोलले नाहीत.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. पावसाळ्यात ते काम बंद असते. मला दहा वर्षे पुरी झाली होती. दहाच्या आत नेत नाहीत. सर्दी आहे का, दमा आहे का, असे विचारून बाबांची सही घेतली. सर्दी असली तर कान मोकळे होत नाहीत. आजी बंदरावर छत्री घेऊन बसली. बोटीत चढली नाही.

पाण्यात काकांनी माझी टाकी मागून धरून ठेवली होती, शेवटपर्यंत. श्वास घेताना घर्र आणि सोडताना बुडबुड असा आवाज येतो. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे, म्हणजे कानात टक् होते. बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा असतात. अंगठा आणि पहिले बोट जोडून गोल केला की सगळे ठीक. नुसता अंगठा वर केला तर "छान" नव्हे, "वर चला" असा अर्थ होतो.

एका खडकापाशी काळ्या पट्ट्यांचे मासे होते. ते बघता बघता माझ्या मास्कमध्ये पाणी शिरले. नाकापर्यंत आले. डोळे चुरचुरले. मला वर पळावेसे वाटले. पण बादलीतली मोजणी आठवली. चार आत, सहा बाहेर, तोंडाने. मंग मास्कची वरची कड कपाळाला दाबली, मान जरा वर केली आणि नाकाने हळूहळू हवा सोडली. हवा वर जाऊन बसते आणि पाण्याला खालच्या कडेने बाहेर ढकलते. पहिल्यांदा अर्धे गेले. दुसऱ्यांदा सगळे गेले. काकांनी गोल खूण करून विचारले. मीपण गोल केला. वर येताना आपल्याच बारीक बुडबुड्यांपेक्षा हळू यायचे असते, तसे आलो.

बंदरावर आजीने माझे डोके पुसले. मी माशांचे सांगत होते, पण तिने दुसरेच विचारले. "खाली दगडावर शेवाल होता का?" मी म्हटले, होते, मऊ, हालत होते. आजी म्हणाली, "मंग आमच्या ओट्यावर पन असंल." आणि तिने मला शहाळे घेऊन दिले.

आता मास्क आमच्या ओटीवर खुंटीला असतो. उन्हात ठेवला तर रबर तडकते. रविवारी आळीतली पाच पोरे बादलीपाशी येतात. आजी काठी घेऊन बाजूला बसते आणि मोजते. तिचे चार आकडे लई लांब असतात.